काठाजवळ बोट बांधायची पण तळाला ओरखडा येऊ द्यायचा नाही, ते कसं

आपल्याकडं समुद्र नाही पण पाणी भरपूर आहे. साताऱ्याच्या बाजूला बामणोली, तापोळा, सगळा शिवसागर जलाशय म्हणजे कोयना धरणाचं पाणी, कण्हेर, धोम, आणि खाली सांगलीला कृष्णा आणि वारणा. या पाण्यावर छोट्या बोटी आहेत, मासेमारीच्या आहेत, वासोटा किल्ल्याला माणसं सोडणाऱ्या आहेत, पलीकडच्या गावाला जायच्या आहेत, आणि २०१९ च्या पुरानंतर नदीकाठच्या बऱ्याच गावात आलेल्या फायबरच्या बोटी आहेत. यातल्या किती बोटींचा तळ धड आहे ते एकदा जाऊन बघा, मला तरी बघून वाईटच वाटतंय. धारेत बोट क्वचितच फुटते, तिचं खरं नुकसान होतं काठावर उभी असताना, रात्री, कुणी बघत नसताना, आणि ते सगळं चुकीच्या बांधण्यामुळं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी फायबरच्या बोटीचा तळ म्हणजे काय असतो ते समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. बाहेरून जो चकचकीत थर दिसतो तो साधा रंग नसतो, त्याला जेलकोट म्हणतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. त्याच्या आत काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर असतात. बोटीची ताकद या आतल्या थरांत, आणि पाणी अडवायचं काम जेलकोटचं. जेलकोट एका जागी जरी फाटला तरी पाणी त्या धाग्यांच्या कडेकडेनं आत शिरतं, हळूहळू थर एकमेकांपासून सुटायला लागतात, तळावर फोड येतात, बोट जड होत जाते, आणि बाहेरून बघणाऱ्याला मात्र एक बारका ओरखडाच दिसतो.

आता हिशोब बघा. काठाला बोट टेकलेली आहे आणि पाण्यावर साध्या बारक्या लाटा आहेत, दोन सेकंदाला एक. मिनिटाला ३०, तासाला १८००, संध्याकाळी आठ ते सकाळी सहा म्हटलं तर १८ हजार वेळा तोच तळ त्याच दगडावर आपटला. एकेक धक्का अगदी हलका, कानाला ऐकू पण येणार नाही एवढा, पण जागा तीच आणि दगड आपल्याकडचा काळा कातळ. महिनाभर असं चाललं तर जेलकोट टिकणार कसा?

गावात बोट असेल तर एक करून बघा. बोट उलटी करा, तळाच्या मधोमध जी उभी कडा असते ना, तिच्यावरनं पुढून मागं हळू तळहात फिरवा. जेलकोट चांगला असेल तर हात सरकत जातो. झिजलेल्या जागी खरखर लागते, आणि अजून खराब असेल तर बारीक पांढरट काचेचे केस हाताला टोचतात आणि मग तासभर खाज सुटते. मग एक पाच रुपयाचं नाणं घ्या आणि दर दोन बोटांच्या अंतरावर ठोकत जा. टक टक असा कडक आवाज आला तर आतले थर एकत्र आहेत, आणि मध्येच ठप्प असा मेलेला आवाज आला तर तिथं आतनं थर सुटलेत, वरनं काही दिसत नसलं तरी. खडूनं तिथं गोल करून ठेवा. बहुतेक वेळा हे गोल पुढच्या टोकाच्या जरा मागं, तळाच्या मध्यभागीच सापडतात, आणि त्याला कारण आहे.

कारण आपली सवय. काठाला आलं की जोरात वल्हं मारायचं किंवा इंजिन रेटायचं आणि पुढचं टोक काठावर चढवून ठेवायचं, उतरायला सोपं जातं म्हणून. पण असं केलं की बोटीचं पुढचं वजन एखाद्या दुसऱ्या दगडावर येतं आणि मागचा भाग पाण्यात तरंगत राहतो. मागं कुणी बसलं, उठलं, लाट आली की सगळी बोट त्या एका दगडावर वरखाली होते. एरवी सगळ्या तळाखाली पसरलेलं पाणी जे वजन उचलत होतं त्यातला मोठा वाटा आता चार बोटं जागेवर आलाय. कृष्णेच्या काठाला गाळ आहे, मळी आहे, तिथं काय होतंय असं वाटेल, पण त्या गाळात काचा असतात, विसर्जनाच्या मूर्तींच्या सांगाड्यातल्या तारा असतात, घाटाच्या जुन्या बांधकामाच्या सळ्या असतात. ही सवय आली असणार ती जुन्या जाड लाकडी नावांपासून आणि गुळाच्या काहिलीपासून. पुरात काहिलीत बसून पार झालेली माणसं आपल्या भागात आहेत, आणि काहील लोखंडाची, ती दगडावर ओढली काय आणि आपटली काय, तिला फरक पडत नाही. फायबरला पडतो.

तर मुद्दा असा की थांबलेली बोट कशालाही न टेकता तरंगत राहिली पाहिजे, तळाखाली कमीत कमी दोन अडीच फूट पाणी हवं. दोराची कामं दोन असतात. बोट जाऊ द्यायची नाही हे एक, आणि तिला काठाला येऊ द्यायचं नाही हे दुसरं. पहिलं सगळेच करतात. दुसरं फार कमी जण करतात आणि तळ जातो तो तिथंच.

हे दुसरं काम करायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे फिरत्या दोराची, आणि ती धरणाच्या पाण्यावर, जिथं धार नाही, तिथं फार छान चालते. काठापासून ३०-४० फूट आत, जिथं पाणी बऱ्यापैकी खोल आहे तिथं एक नांगर टाका. नांगराच्या दोराला वर एक तरंगणारा कॅन बांधा, बूच घट्ट लावलेला २० लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन चालतो. कॅनच्या खाली, नांगराच्या दोरालाच एक पुली किंवा गुळगुळीत लोखंडी कडी अडकवा, कॅनच्या कानाला अडकवू नका, तो कान तुटतो. आता काठावर एक भक्कम खुंटा, आणि एक लांब दोर खुंट्यापासून त्या कडीतून ओवून परत खुंट्यापर्यंत, म्हणजे बंद फेरा झाला. काठ ते कॅन ४० फूट असेल तर फेऱ्याला साधारण ८५-९० फूट दोर लागतो. बोटीचं पुढचं टोक या फेऱ्यावर एका जागी छोट्या दोरानं बांधायचं. उतरलात की फेऱ्याची एक बाजू ओढा, बोट आपोआप आत कॅनकडं जाते. मग फेरा खुंट्याला दोन वेढे देऊन पक्का करा. सकाळी दुसरी बाजू ओढा, बोट काठाला. विहिरीवरची पुली ज्यानं ओढलीय त्याला पाच मिनिटात जमतं. वाऱ्यानं बोट फार फिरत असेल तर मागच्या बाजूचा एक सैल दोर काठावरच्या दुसऱ्या खुंट्याला, बास.

नांगराबद्दल मात्र लोकांचा फार गैरसमज आहे. जड असला की झालं असं वाटतं. पण नांगर नुसत्या वजनानं धरत नाही, तो तळात रुततो म्हणून धरतो, आणि रुतायला त्याच्यावरचा ओढा आडवा, जमिनीलगत यायला लागतो. दोर आखूड ठेवला तर ओढा वर येतो आणि नांगर उपटला जातो. म्हणून बोट नुसत्या नांगरावर उभी करायची तर दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा. पाणी १० फूट खोल आहे आणि बोटीची कडा पाण्यापासून दोन फूट वर आहे तर धरा १२ फूट, पाच पट म्हणजे ६० फूट, वादळाची शक्यता असेल तर सात पट म्हणजे ८४. एवढा दोर म्हणजे बोट मोठ्या वर्तुळात फिरणार, म्हणून त्या वर्तुळात दगड, दुसरी बोट, काठ काही येणार नाही हे आधी बघायचं. जागा कमी असेल तर नांगराला लागून सहा-आठ फूट साखळी जोडा, साखळीच्या वजनानं ओढा खाली राहतो आणि दोर थोडा कमी चालतो.

आणि ते सिमेंट भरलेले डबे. वर फिरत्या दोराच्या पद्धतीला कायमचं वजन म्हणून बरेच जण वापरतात आणि चालतात पण, फक्त एक लक्षात ठेवा, पाण्यात गेलं की प्रत्येक वस्तूचं वजन तिनं बाजूला सारलेल्या पाण्याएवढं कमी होतं. काँक्रीट पाण्याच्या साधारण २.४ पट जड, म्हणजे ५० किलोचा डबा पाण्यात फक्त २९ किलोसारखा वागतो. लोखंड आठ पटीच्या जवळ जड, ते ५० चं ४३-४४ राहतं. तेव्हा काँक्रीट वापरायचं तर काठावर पुरेसं वाटतंय त्याच्या दुप्पट करा, आणि डब्यात कडी घालताना ती सळईला गुंतवून आतपर्यंत न्या.

कोयनेच्या पाण्याची अजून एक गोष्ट आहे, पातळी. धरण १०५.२५ टीएमसीचं, पावसाळ्यानंतर काठोकाठ, आणि मग वीजनिर्मिती आणि खालच्या शेतीसाठी पाणी जात जात जूनपर्यंत पार खाली जातं. पाणी रोज थोडंच उतरतं पण काठ बराच मागं सरकतो. उतार दहाला एक असेल तर पाणी एक फूट उतरलं की काठ दहा फूट मागं. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नीट बांधलेली बोट आठवडाभर तशीच सोडली तर ती कुठं टेकलीय ते तुम्हाला कळणारच नाही, आणि खाली जुने बांध आहेत, बुडालेल्या घरांची जोती आहेत, झाडांची खोडं आहेत. थंडी संपल्यावर दर चार-पाच दिवसांनी नांगर आत सरकवायलाच लागतो. हा त्रास आहे, पण याला पर्याय नाही. दरी लांबच लांब असल्यानं वाऱ्याला मोकळं पाणी मिळतं आणि दुपारनंतर लाटा उठतात, आणि एप्रिल-मे मध्ये वळीव आला की वारा एकदम दिशा बदलतो, म्हणून आज काठाकडून वारा आहे म्हणजे बोट सुरक्षित आहे असं धरून चालू नका.

आता नदी. नदीचं गणित वेगळं आहे कारण तिथं धार आहे. धारेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला तर दोरावरचा ओढा चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून बोटीचं पुढचं टोक कायम धारेच्या वरच्या बाजूला असलं पाहिजे आणि मुख्य दोर पुढच्या टोकालाच. आडवी बोट कधी बांधू नका, आडव्या बोटीची सगळी लांबी धार अडवते, बोट एका बाजूला कलते आणि कडेवरनं पाणी आत येतं. त्यात कृष्णेला जलपर्णी. तिचे गठ्ठेच्या गठ्ठे दोरात अडकतात आणि ओढा वाढवत जातात, बोटीला काही झालं नाही तरी दोर तुटतो नाहीतर खुंटा निघतो. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोर मोकळा करायलाच लागतो.

पण नदीतला खरा धोका आखूड दोराचा आहे आणि तो नीट समजून घ्या. समजा दोर १५ फुटाचा आहे आणि खुंटा पाण्याच्या कडेला ठोकलाय. पाणी १० फूट चढलं, तर बोटीला खुंट्यापासून आडवं फक्त ११ फूट अंतर उरतं. १५ फूट चढलं की बोट बरोबर खुंट्याच्या डोक्यावर आणि दोर उभा ताठ. त्याच्यापुढं एक फूट जरी चढलं तरी दोर सैल होत नाही आणि खुंटा निघत नाही, मग खाली खेचलं जातं ते बोटीचं टोक, त्यातनं पाणी आत, आणि बोट जागच्या जागी बुडते. बोट चांगली होती, दोर चांगला होता, खुंटा पण चांगला होता, तरी गेली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. एवढ्या फरकाला पुरेल असा कुठलाच दोर सोडून ठेवता येत नाही. कोयनेचे सहा दरवाजे उचलल्याची बातमी आली की बोट एकतर वर काढायची नाहीतर तिच्याजवळ माणूस ठेवायचा जो दोर वरच्या झाडाला हलवत राहील. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातनं माणसं नेणारी बोट उलटून लोक बुडाले, ते या भागातला कुणीच विसरणार नाही, पुराच्या दिवशी गावातली बोट धड असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते वेगळं सांगायची गरज नाही.

दोर कुठला? बाजारात स्वस्त मिळतो तो पीपीचा म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा, निळा किंवा हिरवा. तो पाण्यावर तरंगतो आणि उन्हानं लवकर कुजतो, हातात धरून पिळला की भुसा पडायला लागला म्हणजे संपला. शिवाय तरंगणारा दोर इंजिनच्या पंख्यात जातो. बांधायला नायलॉन घ्या, तो पाण्यात बुडतो आणि ताण आला की बराच लांबतो, त्यामुळं धक्का बोटीच्या कडीपर्यंत झटक्यानं पोचत नाही. छोट्या बोटीला १०-१२ एमएम पुरे. जिथं दोर बोटीच्या कडेवर घासतो तिथं ड्रिपच्या जुन्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, हातभर तुकडा दोरावर ओवून ठेवा, १६ एमएमच्या लॅटरलमधून १० एमएमचा दोर आरामात जातो. आपल्याकडं द्राक्षाच्या बागेच्या बांधावर असले तुकडे किती पडलेले असतात, आणि यानं दोरही वाचतो आणि बोटीची कडाही.

गाठींचं जास्त लांबवत नाही. बोटीच्या कडीला न सरकणारा फासा हवा, एक बारका वेढा करून टोक त्यातनं वर काढायचं, मूळ दोराच्या मागून फिरवून परत त्याच वेढ्यातनं खाली, आणि ओढायचं. ती आवळत नाही आणि नंतर सहज सुटते. पण ताणावर असताना ती सोडता येत नाही, म्हणून काठावरच्या टोकाला ती वापरू नका. तिथं खुंट्याला दोन पूर्ण वेढे आणि वर दोन अर्ध्या गाठी, म्हणजे पाणी चढत असताना ओढा वेढ्यांवर धरून दोर हळूहळू सोडता येतो. निरगाठ मारून जाऊ नका, ओल्या दोराची निरगाठ रात्री अंधारात कोयत्यानं कापायची वेळ येते. आणि बोटीवर दोर बांधायचा तो कडीला, जिच्या आतल्या बाजूला पट्टी लावून आरपार बोल्ट मारलेत अशा कडीला. बसायच्या फळीला नाही आणि इंजिनच्या ब्रॅकेटला तर नाहीच.

घाटाच्या पायऱ्यांना किंवा धक्क्याला लावायलाच लागली तर मध्ये टायर हवेत हे सगळ्यांना माहितीय, पण बरेच ठिकाणी ते घाटाला बांधलेले असतात. पाणी हातभर उतरलं की टायर वर राहतो आणि बोट खाली दगडाला. टायर बोटीला बांधा, म्हणजे पाण्याबरोबर बोट जाईल तिथं टायर जाईल. स्कूटरचे छोटे टायर बरे, त्यांची तार उघडी पडलेली नाही हे बघा, आणि वर पोतं गुंडाळा नाहीतर काळे डाग पडतात आणि रबराला चिकटलेली वाळू पॉलिश पेपरचं काम करते.

पाऊस हा पण भार आहे, हे पटकन लक्षात येत नाही. एक चौरस मीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, म्हणजे १०० किलो. छोट्या उघड्या बोटीचं तोंड पाच चौरस मीटर धरलं तर ५०० किलो पाणी. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही, म्हणजे एका दिवसात टनभर. बोट खाली बसते, तळ दगडाला टेकतो, आणि सगळा सांभाळलेला खेळ संपतो. मधोमध बांबूचा कणा उभारून ताडपत्री उतरती बांधा, सपाट ताडपत्रीत पाण्याचा हौद होतो.

महिनोन्महिने वापर नसेल तर बोट बाहेरच काढा. ओढत नेऊ नका, चार इंची पीव्हीसी पाईपचे तीन-चार फुटी तुकडे, जरा जाड घ्या, सहा केजी दाबाचे, तळाखाली आडवे टाका आणि त्यावरून सरकवा, मागचा मोकळा झालेला तुकडा परत पुढं. ट्रॉलीतनं न्यायची तर खाली पाचटाचा चांगला जाड थर. ठेवताना वजन मधल्या उभ्या कडेवर, तीन-चार ठिकाणी टायरांवर, आणि दोन्ही बाजूंना नुसता तोल धरायला आधार. चार कोपऱ्यांना चार विटा लावून ठेवलेली बोट मी शाळेच्या आवारात बघितलीय, तिचा तळ मध्ये खाली बाक आला होता, पाणी न लागता. तळाचं बूच काढून ठेवा, आणि ते बूच बोटीलाच दोरीनं बांधा, आयत्या वेळी सापडत नाही. लाकडी नाव असेल तर उलट, तिला फार कोरडी होऊ देऊ नका, फळ्या आकसल्या की सांधे उघडतात, सावलीत ठेवा आणि पाण्यात घालायच्या आधी ओली करत राहा म्हणजे फळ्या फुगून सांधे मिटतात.

ओरखडा पडलाच असेल तर मे महिन्यात दुरुस्त करा, पावसात नाही. आधी जखम पूर्ण वाळायला हवी, आत ओल राहिली आणि वरनं रेझिन लावलं तर ते धरत नाही, त्यामुळं आठ-दहा दिवस कोरड्या जागी उघडी ठेवा. मग सुटलेले धागे घासून काढा, कडा उतरत्या करा, खोल असेल तर मॅट आणि रेझिनचे थर, आणि शेवटी जेलकोट. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं औषध, शंभराला एक-दोन या प्रमाणातच, जास्त घातलं की वाटीतच गरम होऊन गोठतं, आणि चष्मा लावल्याशिवाय त्याला हात लावू नका, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो. साध्या जेलकोटचा वरचा थर हवा लागली की चिकट राहतो, म्हणून लावल्या लावल्या त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद हवा न ठेवता दाबून बसवा, कडेनं टेप लावा, आणि खाली कडक झाल्यावर काढून बारीक पाणपेपरनं घासून घ्या.